हात धुऊन मागे लागलेली शंका

पुन्हापुन्हा हात धुवायला लावणाऱ्या आजाराला मराठीत एक जुना, नेमका शब्द आहे: मंत्रचळ. चळ म्हणजे वेड, आणि मंत्र म्हणताना काही चुकले की माणसाचे डोके फिरते ही समजूत त्या शब्दामागे आहे. मानसोपचाराच्या मराठी लेखनात 'ओसीडी' (ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर) या आद्याक्षरांसाठी तोच शब्द वापरला जातो. भाषांतरासाठी म्हणून घडवलेल्या कुठल्याही लांबलचक संज्ञेपेक्षा तो सरस आहे, कारण 'आपण केले ते नीट झाले की नाही' हे या रोगाचे मर्म त्यात आपसूक आले आहे. घरात मात्र हा शब्द कुणी उच्चारत नाही. तासन्‌तास मोरीत हात धुणाऱ्या सुनेला, मुलाला किंवा सासऱ्यांना 'स्वच्छतेचं वेड लागलंय' असे म्हटले जाते, सुरुवातीला थोड्या कौतुकाने आणि पुढे वैतागून. हे घरगुती निदान चुकीचे आहे आणि त्या चुकीची किंमत रुग्णाबरोबर सगळे घर मोजते, असे माझे म्हणणे आहे. बिघाड स्वच्छतेच्या हौसेत नसतो. शंका फिटल्याची जी खूण मनाला एरवी आपोआप मिळते, ती इथे मिळेनाशी झालेली असते. १८७५ साली लग्रां द्यु सोल या फ्रेंच वैद्याने या विकारावर लिहिताना 'संशयाचे वेड' आणि 'स्पर्शाची भ्रांती' अशी जोडी पुस्तकाच्या नावातच बांधली होती. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जगाला दाखवला तो त्यानंतर सात वर्षांनी, १८८२ मध्ये. स्पर्शाची धास्ती आधीची. जंतूंचे निमित्त तिला नंतर मिळाले.

नळापाशी थांबून पाहिले की हे लवकर कळते. हात घाण झाले म्हणून नळ उघडायचा, पण उघडताना ती घाण नळाच्या चावीला लागली. साबणाच्या वडीलाही लागली. म्हणून आधी चावीला साबण, मग वडीवर पाणी, मग हात: बोटांच्या बेचक्या, नखे, मनगटे, कोपरापर्यंत. मोजून सात वेळा. पाचव्या वेळी बोट बेसिनच्या कडेला लागल्यासारखे वाटले की मोजणी पुन्हा एकपासून. खरेच लागले का? डोळ्यांनी पाहून ते ठरत नाही, आठवूनही ठरत नाही. नळ कोपराने बंद करायचा, तर आता कोपर संशयित. दुधाची पिशवी, सुट्टी नाणी, कुरियरवाल्याने दिलेले पाकीट, बाहेरून आलेल्या नवऱ्याची चप्पल, प्रत्येकाची अशीच एक साखळी तयार होते. आणि धुणे थांबते तेव्हा ते हात स्वच्छ झाले म्हणून थांबत नाही. अंगात त्राण उरत नाही, टाकीतले पाणी संपते किंवा एकदाचे 'बरोबर वाटते' म्हणून थांबते. हे 'बरोबर वाटणे' पुनरावृत्तीने जवळ येत नाही, उलट लांब जाते, याचा सुरेख पुरावा नेदरलँड्समधल्या मार्सेल फान डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ साली दिला. त्यांनी निरोगी विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हापुन्हा बंद करून तपासायला लावली. शेवटी कोणती बटणे तपासली हे त्यांना बरोबर आठवत होते, पण त्या आठवणीवरचा त्यांचा भरवसा मात्र ढासळला होता. ज्यांना काहीही आजार नव्हता त्यांची ही गत. शंका घालवण्यासाठी केलेली कृतीच शंकेला खतपाणी घालते, आणि हा विकार समजून घ्यायला एवढे सूत्र बरेच पुरते.

असे लोक किती? २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, १२ राज्यांत, ३४,८०२ प्रौढांना भेटून. त्यात मंत्रचळाचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के निघाले. गुजरात आणि मध्य प्रदेश हे आपले शेजारी त्या यादीत होते, महाराष्ट्र नव्हता. तरीही तोच दर धरून आपल्या नाशिक जिल्ह्याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांच्या वर होती. त्यातले सुमारे ४० लाख प्रौढ धरले तर ३० हजारांच्या आसपास माणसे होतात. हा गुणाकार आहे, गणती नव्हे. पण एवढ्या माणसांत आपल्या ओळखीचे कुणीच नसेल असे मानणे कठीण. सगळेच काही हात धुणारे नसतात. कुणी कुलपे तपासतो, कुणी मोजत राहतो, कुणाला देवासमोर बसले की नको ते विचार छळतात. मात्र चंदीगडच्या ८२ रुग्णांचा जो अभ्यास अख्तर, विग आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात घाण आणि संसर्ग हाच विचारांचा सर्वांत जास्त आढळणारा विषय होता. निदानाचा उंबरठाही फार वर नाही: या विचारांत आणि कृतींत दिवसाचा तासभर किंवा अधिक वेळ जाणे, किंवा त्यापायी काम, शिक्षण, संसार यांचा खोळंबा होणे. आणि बहुतेक रुग्णांना आपले हे करणे अति आहे हे कळत असते. वेड्याला आपले वेड कळत नाही या लोकसमजुतीला इथेच तडा जातो. कळते आणि तरीही थांबवता येत नाही, हेच दुखणे आहे.

आता नाशिकपुरता एक आक्षेप, आणि तो हलका नाही. हा आजार कसला, हे तर आपले सोवळे-ओवळे आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. बंगालीत 'शुचिबाय' असा शब्दच आहे आणि मानसोपचाराच्या ग्रंथांत त्याची नोंद एक सांस्कृतिक विकार म्हणून झालेली आहे. पंचवटीत, त्र्यंबकेश्वरात तर शुद्धीचा व्यवहार रोजचा: श्राद्ध, अस्थिविसर्जन, पर्वणीचे स्नान. इथली माणसे गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. 'गंगेवर जाऊन येतो' म्हणजे रामकुंडावर जाऊन येतो. त्याच रामकुंडात अस्थी सोडल्या जातात, वरच्या अंगाने नाल्यांचे पाणी मिसळते, पाणवेली साचतात, आणि नदीच्या प्रदूषणाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत जातो. एकच ओंजळ एका हिशेबाने परमपवित्र आणि दुसऱ्या हिशेबाने प्रयोगशाळेत नापास. शुद्ध आणि स्वच्छ हे दोन शब्द आपण एका श्वासात उच्चारतो. रामकुंडाच्या पायरीवर ते समोरासमोर उभे राहतात. मंत्रचळाच्या माणसाला यातली कोणतीही भाषा चालते. आजीच्या पिढीत तो विटाळ म्हणेल, नातीच्या पिढीत व्हायरस. पण म्हणून विटाळाची रूढी आणि हा विकार एकच ठरत नाहीत, आणि फरक सोवळ्याच्या नियमांतच दिसतो. सोवळ्याला शेवट असतो. आंघोळ केली, काठीने उंच वलणीवर वाळत घातलेले वस्त्र नेसले, झाले. चूक झाली तर सोनपाणी शिंपडतात. प्रवासात, आजारपणात, तान्ह्या बाळाच्या बाबतीत सवलती आहेत. लोकरीच्या धाबळीला आणि रेशमी वस्त्राला वेगळा न्याय आहे. सुतकसुद्धा ठरल्या दिवशी फिटते. मंत्रचळाची शंका फिटत नाही. तिला आपद्धर्म नाही, तिला तीर्थ चालत नाही. कर्मठ घरातली जाणती बाईदेखील अशा सुनेकडे पाहून 'हे काही सोवळं नव्हे' म्हणते, तेव्हा तिचे निरीक्षण अनेक पदवीधरांपेक्षा अचूक असते.

दुसरा फरक अधिक गंभीर आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरात अस्पृश्य ठरवलेल्यांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे सुमारे पाच वर्षे चालला. ज्या स्पर्शाविरुद्ध ती दारे बंद होती, त्या स्पर्शाची भीती हा कुणाचा आजार नव्हता. तो सत्तेचा व्यवहार होता. सगळ्या गटाने मिळून पाळलेला, पाळणाऱ्याला वरचढ ठरवणारा आणि दुसऱ्याला माणूसपण नाकारणारा. मंत्रचळाचा रुग्ण एकटा असतो, आपल्या नियमांची त्याला लाज वाटते, आणि त्यांचा पहिला बळी तो स्वतःच असतो. म्हणून अस्पृश्यतेला 'समाजाचा मानसिक रोग' म्हणणे मला पटत नाही. त्याने अन्याय करणाऱ्याला रुग्णाची सहानुभूती मिळते आणि रुग्णाच्या माथी जातिभेदाचे पाप येते. संस्कृती आजार निर्माण करत नाही, त्याला विषय पुरवते, एवढेच उपलब्ध पुराव्यावरून म्हणता येते. ज्या समाजात विटाळाची कल्पना नाही तिथेही हा विकार आढळतो, आणि तिथले लोक ॲस्बेस्टॉसला, किरणोत्साराला किंवा एचआयव्हीला घाबरून हात धुतात.

पण जंतू तर खरे आहेत, हा पुढचा आक्षेप. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. १८९६च्या प्लेगनंतर मुंबई इलाख्यातल्या घरांनी रोगाच्या स्पर्शाची किंमत पाहिली. आणि २०२० मध्ये तर भाजी साबणाने धुणारे, नोटांना इस्त्री करणारे, लिफ्टचे बटण काडीने दाबणारे आपण सगळेच होतो. तेव्हा अनेकांनी विनोदाने आणि काहींनी गंभीरपणे म्हटले की आता सगळ्या समाजालाच मंत्रचळ होणार. निम्हान्सच्या खास ओसीडी विभागाने आपल्या जुन्या रुग्णांचा टाळेबंदीच्या काळातला पाठपुरावा तपासला, तेव्हा उपचारांवर असलेल्यांमध्ये साथीपूर्वीच्या तुलनेत आजार उलटण्याचे किंवा बळावण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. इतर देशांतून आलेले निष्कर्ष संमिश्र आहेत. काही ठिकाणी लक्षणे वाढली. तरी बंगळुरूची नोंद बोलकी आहे. खरा धोका आणि मंत्रचळाची भीती वेगवेगळ्या मापांनी चालतात. आपण २०२२ पर्यंत भाजी साबणाने धुणे सोडून दिले, कारण नवी माहिती आली तशी भीती उतरली. ज्याची भीती माहितीने उतरत नाही, तो रुग्ण. म्हणूनच अशा माणसाला जंतुशास्त्र समजावून सांगणे वाया जाते. बऱ्याचदा ते त्याला समजावणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

याच्याच उलट टोकाचा आक्षेप सार्वजनिक आरोग्यवाल्यांचा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१८ मधल्या ७६व्या फेरीत देशातली जेमतेम ३५.८ टक्के कुटुंबे जेवणाआधी साबणाने हात धुतात असे आढळले. शौचानंतर साबण वापरणारी ७४ टक्क्यांच्या आसपास. अशा देशात 'कमी धुवा' हा संदेश द्यायचा? पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरतात, आणि इथे कुणाच्या मोरीत बादल्यांवर बादल्या रित्या होतात, याची चीड समजण्यासारखी आहे. पण दोन्ही गोष्टी एकाच मोजपट्टीवर बसवल्या की घोटाळा होतो. पहिला प्रश्न सवयीचा आणि पाण्याचा आहे, दुसरा थांबण्याचा. शिवाय अति धुण्याने स्वच्छतेचाही पराभव होतो. साबण कातडीवरची नैसर्गिक स्निग्धता काढून टाकतो, बोटांच्या पेरांवर भेगा पडतात, त्यांतून रक्त येते, आणि फाटलेली कातडी रोगजंतूंना अडवण्याऐवजी थारा देते. कितीतरी रुग्ण पहिल्यांदा जातात ते त्वचारोगतज्ज्ञाकडे. मलम मिळते, 'डिटर्जंटची ॲलर्जी' असा शेरा मिळतो. 'दिवसातून किती वेळा धुता?' एवढे विचारले गेले तर वर्षे वाचतात.

घरच्यांकडे वळतो, कारण माझ्या मते या आजाराचा सर्वांत दुर्लक्षित भाग तिथे आहे. 'माझे हात स्वच्छ आहेत ना?' 'हो गं, आहेत.' हा संवाद प्रेमाचा वाटतो. त्याने दहा मिनिटे बरे वाटते आणि अकराव्या मिनिटाला प्रश्न परत येतो, आता जरा अधिक बारकाईने. हळूहळू घरच नियमांत सामील होते: दारातच कपडे बदलायचे, पाहुण्यांना पलंगावर बसवायचे नाही, मुलांनी शाळेतून आल्यावर थेट न्हाणीघरात जायचे, बाबांनी पेपर वाचून झाला की हात दाखवायचे. भांडण नको म्हणून हे सारे केले जाते. संशोधनात या जुळवून घेण्याचे मोजमाप नव्वदच्या दशकापासून होते आहे, आणि निष्कर्ष सातत्याने एकच: घर जितके जुळवून घेते तितकी लक्षणे तीव्र असतात आणि उपचार तितके कमी लागू पडतात. उलट टोकाचा मार्ग, म्हणजे साबण लपवणे, टाकीचा कॉक बंद करणे, चारचौघांत हसणे, हाही निकामी. तिथे शंका तशीच राहते, फक्त लपून धुणे सुरू होते. एकत्र कुटुंबात गुंता आणखी वाढतो. सासू जुळवून घेते, दीर टोमणे मारतो, नवरा दोन्ही आळीपाळीने करतो. ज्या घरात बाईने पाळीचे चार दिवस बाजूला बसायची पद्धत अजून आहे, तिथे तर तिची भीती आणि घराची रीत यांची सीमारेषा तिलाही सापडत नाही, आणि वर्षानुवर्षे तिला आजारी न म्हणता 'फार पाळणारी' म्हटले जाते.

उपचारांचा इतिहास पाहिला तर शंकेचे सूत्रच पुन्हा सिद्ध होते. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर याने दोन रुग्णांवर एक धाडसी गोष्ट केली. ज्याची भीती आहे त्याला हात लावायला सांगायचे आणि नंतरचे धुणे होऊ द्यायचे नाही. धुण्याच्या रुग्णाच्या खोलीतले पाणीच त्याने बंद केले होते, परिचारिका जवळ बसून राहत. अनर्थ झाला नाही, आणि भीती न धुताही उतरते हे रुग्णाला स्वतःच्या अंगावर कळले. यातूनच 'सामोरे जा आणि प्रतिसाद रोखा' ही आजची मुख्य मानसोपचारपद्धती घडली. आता कुणी पाणी तोडत नाही. रुग्णाबरोबर बसून भीतीची उतरंड लिहिली जाते: सर्वांत खाली दाराची कडी, मग चपलांचा कप्पा, मग एसटीच्या खिडकीची दांडी, आणि सर्वांत वर, समजा, रुग्णालयातला बाक. एकेक पायरी, रुग्णाच्या संमतीने. बारा आठवड्यांच्या या उपचाराची औषधाशी तुलना करणारी मोठी चाचणी एड्ना फोआ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केली. १२२ रुग्णांत या पद्धतीने सुमारे ६२ टक्क्यांना, क्लोमिप्रामीन या औषधाने ४२ टक्क्यांना, दोन्ही मिळून ७० टक्क्यांना लक्षणीय गुण आला. नुसत्या बनावट गोळीने ८ टक्क्यांना. 'हे सगळे मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांसाठी १९९२चा एक अभ्यास आहे. लॉस एंजेलिसच्या लुईस बॅक्स्टर यांना मेंदूच्या चित्रणात दिसले की गुण आलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या पुच्छकेंद्र (कॉडेट) या भागाची वाजवीपेक्षा जास्त धावपळ उतरते, आणि ती फ्लुऑक्सेटिनने जशी उतरते तशीच केवळ वर्तनोपचारानेही. म्हणजे हात न धुता बसून राहणे ही मेंदूवर होणारी कृती आहे.

यावर दोन तक्रारी येतात. एक, ही पद्धत क्रूर आहे. भीतीने थरथरणाऱ्या माणसाला आणखी घाबरवायचे? खरे आहे, काही रुग्ण सुरुवातच करत नाहीत, काही मध्येच सोडतात. आकडेवारी वाचताना हे विसरता कामा नये. पण पर्यायही क्रूरच आहे, फक्त तो रोजचा असल्याने दिसत नाही. दुसरी तक्रार औषधांची: सवय लागेल, जन्मभर घ्यावी लागतील. नैराश्यासाठी दिली जाणारी सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, फ्लुव्हॉक्सामिन यांसारखी औषधेच इथे वापरतात, पण बहुधा अधिक मात्रेत, आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. नशेच्या अर्थाने त्यांची सवय लागत नाही, मात्र अचानक बंद केली तर त्रास होतो आणि आजार उलटू शकतो. आपल्याकडे नेमके तेच घडते. तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून गोळ्या थांबतात, किंवा सहाव्या महिन्यात 'आता बरी आहे' म्हणून.

नाशिकपुरते बोलायचे तर अडचण ज्ञानाची कमी आणि पोहोचण्याची जास्त आहे. राज्याची जुनी चार सरकारी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. तसे रुग्णालय नाशकात नाही याचे फार दुःखही नको, कारण हात धुणाऱ्या माणसाला भरती करण्याची वेळ क्वचितच येते. त्याला लागतो तो दर आठवड्याला तासभर देणारा, वर्तनोपचारात तयार झालेला माणूस. तो दुर्मीळ आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून याच शहरात, म्हसरूळला आहे, आणि राज्यभरचे एमबीबीएस त्याच्या परीक्षा देतात. पण अंतिम परीक्षेत मानसोपचारशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाही. मग गावातल्या डॉक्टरने भेगाळलेल्या हातांना मलम दिले तर दोष त्याला किती द्यायचा? मराठीतून या विषयावर सातत्याने बोलणाऱ्यांत ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही १९९० पासूनची संस्था आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक मराठीतून आणि फुकट उपलब्ध आहे, निदान पहिले वाक्य बोलायला. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच वागवणे बंधनकारक केले, तरी आठवड्याच्या मानसोपचाराचे पैसे बहुतेक घरांत अजून खिशातूनच जातात.

२०२७च्या सिंहस्थाच्या पर्वण्यांना घाटावर लाखोंची गर्दी होईल आणि भिंतींवर 'साबणाने हात धुवा' रंगवलेले असेल. ती सूचना बरोबरच आहे, आणि उपचार घेणाऱ्या रुग्णालाही ती लागू आहे. त्याच्याकडून कुणी कुंडाचे पाणी पिण्याची अपेक्षा ठेवत नाही. शेजारचा साधा नाशिककर जेवढी जोखीम रोज पत्करतो, तेवढीच त्याने पत्करायची. जेवणाआधी, शौचानंतर, बाहेरून आल्यावर धुवायचे. साबण एकदा, वीस सेकंद. आकडे मोजायचे नाहीत, कुणाला विचारायचे नाही, आणि नळ बंद करायचा तो त्याच हाताने.